तालीम आणि कवायत : निवडक सैनिकाची पारख व घडण
(धार-देवासच्या पागेपासून आजच्या कमांडो प्रशिक्षणापर्यंत)

प्रस्तावना

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकविणाऱ्या अध्यापकास काही शब्द नेहमी थांबवून धरतात. ‘तालीम’ हा त्यांपैकी एक होय. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे जोर-बैठका काढण्याचा आखाडा, तसेच नाटकाचा सराव. दुसरा शब्द ‘कवायत’. याचे मूळ अरबी ‘कवाइद’ म्हणजे नियम. उर्दू शाळेत कवाइद म्हणजे व्याकरण. मराठी शाळेच्या मैदानावर कवायत म्हणजे एका तालात केलेल्या हालचाली. एकाच मुळातून एका भाषेने बुद्धीचे शिक्षण घेतले आणि दुसरीने शरीराचे. लष्करी प्रशिक्षणाचा विचार करताना हे दोन्ही अर्थ एकत्र ठेवावे लागतात, कारण निवडक सैनिक घडविण्याचे काम केवळ शरीराचेही नाही आणि केवळ बुद्धीचेही नाही.

आपल्या कम्युनिटी कॉलेजांत येणाऱ्या तरुणांपैकी अनेकजण सैन्य, पोलीस किंवा निमलष्करी दलाच्या भरतीची तयारी करीत असतात. त्यांच्या तोंडी ‘कमांडो’, ‘पॅरा एस.एफ.’, ‘मार्कोस’ हे शब्द असतात. परंतु ही निवड कशी होते आणि तिच्यात काय तपासले जाते याची त्यांची कल्पना बहुधा चित्रपटांवर पोसलेली असते. अध्यापकालाही त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणे अवघड जाते. प्रस्तुत लेखात हा विषय चार प्रश्नांच्या आधारे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. निवडक सैनिक म्हणून कोणाला घेतात? त्याची पारख कशी करतात? त्याला काय शिकवितात? आणि त्याची निष्ठा कशाशी बांधलेली असते? यासाठी लांबच्या देशांपासून सुरुवात न करता आपल्या माळव्यापासूनच सुरुवात केली आहे.

१. पागा, शिलेदार आणि आमझेरा

धार आणि देवास ही दोन्ही संस्थाने पवार घराण्याची. उदाजी व आनंदराव पवार यांच्या कर्तबगारीतून धारची, तर तुकोजी व जिवाजी या भावांपासून देवासची थोरली व धाकटी पाती निर्माण झाली. हे सरदार माळव्यात आले ते घोडदळाच्या बळावर. मराठी घोडदळात मुख्यतः दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी किंवा सरदाराच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगिरांच्या तुकडीस पागा म्हणत. पेशव्यांच्या खास तैनातीतील फौजेस हुजुरात म्हणत. ‘शिलेदार’ हा फारसी ‘सिलाहदार’, ‘पागा’ हा ‘पायगाह’ आणि ‘हुजुरात’ हा ‘हुजूर’ या शब्दांवरून आलेला आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

शिवकालात या व्यवस्थेला चांगला आकार आलेला होता. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी अशी रचना सभासद बखरीत दिलेली आहे. नवीन माणूस चाकरीस ठेवताना त्याच्या वर्तनाबद्दल आधीपासून चाकरीत असलेल्या माणसाचा जामीन घेण्याची पद्धत होती. आजच्या भाषेत बोलायचे तर उमेदवाराची पार्श्वभूमी तपासली जात होती आणि ती तपासण्याची जबाबदारी त्याच्या भावी सोबत्यावर टाकली जात होती.

अवघड कामासाठी मोठ्या फौजेतून थोडे लोक वेचून घेण्याची पद्धतही याच काळात स्पष्ट दिसते. १६६३ मध्ये पुण्यात लाल महालावरील छापा, १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांची सिंहगडावरील चढाई आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी साठेक निवडक मावळ्यांनिशी घेतलेला पन्हाळा ही त्याची ठळक उदाहरणे होत. या तिन्ही प्रसंगांत थोडी माणसे, रात्रीची वेळ, जागेची पक्की माहिती आणि शत्रूला अशक्य वाटणारी वाट या चार गोष्टी समान आहेत. आजच्या विशेष दलांच्या कार्यपद्धतीचेही हेच चार खांब आहेत.

आपल्या भागातील उदाहरण द्यायचे झाल्यास आजच्या धार जिल्ह्यातील आमझेऱ्याचे देता येईल. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी येथे चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. गिरिधर बहादूर व त्याचा नातलग दया बहादूर हे दोघेही लढाईत पडले. उदाजी पवार या मोहिमेत होते. मराठी फौज नर्मदा ओलांडून मांडवच्या घाटाने वर आली आणि शत्रू सावरण्यापूर्वीच त्याच्यावर तुटून पडली. हे यश संख्येपेक्षा वेगाचे होते. जड सामान न बाळगणारा, लांबचा पल्ला एका दमात गाठणारा, मिळेल ते खाऊन राहणारा आणि घाटवाटा ओळखणारा स्वार हेच त्या फौजेचे खरे हत्यार होते. मात्र या स्वाराचे शिक्षण अनुभवातून होत असे. बापाकडून मुलाकडे, जुन्या स्वाराकडून नव्याकडे ते जाई. ते कोठेही नियमांत बांधलेले नव्हते. म्हणजे तालीम होती, कवायत नव्हती.

२. गारदी : कवायतीचे सामर्थ्य आणि तिची उणीव

कवायत आली ती गारद्यांबरोबर. ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’ म्हणजे पहारा यावरून आला असे मानले जाते. हैदराबादेत फ्रेंच सेनानी बुसी याने अठराव्या शतकाच्या मध्यास हिंदी शिपायांना युरोपीय पद्धतीची कवायत शिकविली. रांगेत उभे राहणे, हुकमासरशी बंदुका भरणे व एकदम झाडणे, समोरून घोडदळ अंगावर आले तरी जागा न सोडणे हे त्या शिक्षणाचे सार होते. या पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पेशव्यांच्या चाकरीत आला आणि सदाशिवराव भाऊंबरोबर पानिपतास गेला. काशीराज पंडिताच्या वृत्तांतात त्याच्या हाताखाली सुमारे नऊ हजार गारदी असल्याचे म्हटले आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर असलेल्या या गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडविली. त्यात त्यांच्या स्वतःच्या बहुतेक पलटणी कापल्या गेल्या. इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला गेला व नंतर त्यास ठार करण्यात आले. त्याच रणांगणावर धारचे यशवंतराव पवार धारातीर्थी पडले. माळव्यातील घोडदळाचा सरदार आणि दक्षिणेतील कवायती पायदळाचा सरदार एकाच दिवशी एकाच बाजूने लढत संपले.

या पराभवाची कारणे अनेक आहेत : अन्नाची टंचाई, सोबतचा बाजारबुणग्यांचा लोंढा, मित्रांचा अभाव. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने एक कारण महत्त्वाचे आहे. घोडदळाची गनिमी पद्धत आणि गारद्यांची कवायती पद्धत या दोहोंची एकत्र लढण्याची तालीम झालेली नव्हती, हे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. कवायती पायदळाला जागा धरून लढायचे असते, तर हलक्या घोडदळाला जागा सोडून फिरायचे असते. दोघेही आपापल्या परीने उत्तम असून एकमेकांस पूरक ठरले नाहीत. यावरून निघणारा धडा आजही विशेष दलांच्या संदर्भात सांगितला जातो. निवडक तुकडी कितीही तरबेज असली तरी बाकीच्या फौजेशी तिचा सांधा जुळलेला नसेल, तर तिचे शौर्य वाया जाते.

गारद्यांच्या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो पहाऱ्यावरील गारद्यांच्या हातून. तेव्हापासून मराठीत ‘गारदी’ हा शब्द मारेकरी या अर्थाने रूढ झाला. पुष्कळदा हा शब्द एका धर्माशी जोडला जातो. वस्तुतः गारदी ही जात नव्हती, धर्म नव्हता, ती एक नोकरी होती. त्या खुनातील प्रमुखांत सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद यूसुफ अशी नावे आढळतात. जो इब्राहिमखान शेवटपर्यंत भाऊंची बाजू न सोडता मेला तोही गारदी आणि जो सुमेरसिंग पैशासाठी धन्यावर उलटला तोही गारदी. कवायत दोघांची एकच होती. फरक होता तो निष्ठेचा आणि ज्यांनी त्यांना वापरले त्यांच्या हेतूचा. कोणत्याही निवडक दलाबद्दल विचारायचा चौथा प्रश्न येथे आपल्यासमोर उभा राहतो. हत्यार चालविण्याचे कौशल्य शिकविता येते. परंतु ते कोणाच्या आज्ञेने आणि कोणत्या मर्यादेत चालवावे हे शिकविले नाही, तर तेच कौशल्य घरावर उलटते.

३. सरदारपूरची भिल्ल पलटण : जागेचा जाणकार

१८१७ च्या महिदपूरच्या लढाईनंतर माळव्याची राजकीय घडी बदलली. १८१८-१९ मध्ये देवास व धार या संस्थानांनी कंपनी सरकारशी तह केले आणि महू येथे इंग्रजांची छावणी उभी राहिली. इंग्रजांपुढे प्रश्न होता तो विंध्य-सातपुड्याच्या डोंगराळ मुलखाचा. मैदानात कवायत शिकलेली पलटण तेथे निरुपयोगी ठरे. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्लांचीच पलटण उभारली. पुढे आपल्या धार जिल्ह्यातील सरदारपूर हे माळवा भिल्ल पलटणीचे ठाणे झाले. या पलटणींचा उपयोग वसाहती सत्तेने आपल्याच लोकांना आवरण्यासाठी केला, हे विसरता येत नाही. तथापि निवडीचे एक वेगळे तत्त्व येथे दिसते. ते म्हणजे जागेची, वाटांची व भाषेची माहिती असलेला माणूस निवडणे आणि त्याला शिस्त शिकविणे.

हेच तत्त्व स्वतंत्र भारतातही वापरले गेले. गडचिरोली जिल्ह्यात १९९० मध्ये पोलिसांनी उभारलेल्या ‘सी-६०’ या पथकात स्थानिक तरुण घेण्यात आले, कारण गोंडी-माडिया बोली आणि जंगल या दोन्ही गोष्टी त्यांना घरातूनच मिळालेल्या होत्या. बाहेरून आणलेल्या जवानाला हे शिकविण्यास कित्येक वर्षे लागली असती.

४. आधुनिक विशेष दले

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने कमांडो तुकड्या व १९४१ मध्ये ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ उभारली. आज जगभर जी विशेष दले आहेत त्यांच्या निवडपद्धतीवर या दलाची छाप आहे. भारतात १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांच्या नेतृत्वाखाली स्वेच्छेने आलेल्या जवानांची ‘मेघदूत फोर्स’ नावाची तुकडी शस्त्रसंधी रेषेपलीकडे जाऊन छापे घालीत असे. तिच्या यशानंतर १९६६ मध्ये ग्वाल्हेर येथे ९ पॅरा कमांडो ही बटालियन उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिच्यातून १० पॅरा कमांडो वेगळी झाली. १९७१ च्या युद्धात पहिलीने पूंछजवळील मंढोल येथील तोफखान्यावर, तर दुसरीने राजस्थान सीमेपलीकडील छाछरोवर छापा घातला.

मराठी भाषकांचा या दलांशी जवळचा संबंध आहे. २ पॅरा ही बटालियन मूळची मराठा रेजिमेंटची. ११ डिसेंबर १९७१ रोजी ती टांगाईलजवळ छत्रीने उतरली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम पोहोचलेल्या भारतीय तुकड्यांत होती. २१ मराठा लाइट इन्फंट्री या बटालियनचे १९९६ मध्ये विशेष दलात रूपांतर होऊन ती २१ पॅरा झाली. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे याच बटालियनचे अधिकारी. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा भागात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करताना त्यांना वीरमरण आले व त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले.

नौदलाचे ‘मार्कोस’ हे दल १९८७ मध्ये आणि राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल १९८४ मध्ये अस्तित्वात आले. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर महाराष्ट्र पोलिसांनी ‘फोर्स वन’ उभारले. त्याच हल्ल्यात सुरक्षा रक्षक दलाला मानेसरहून मुंबईस यावे लागले होते. म्हणून २००९ मध्ये मुंबईसह इतर महानगरांत त्याची केंद्रे उघडण्यात आली. तरबेज तुकडी वेळेवर पोहोचली पाहिजे, हा साधा धडा त्यातून घेतला गेला.

आपल्या भागाचे या प्रशिक्षणातील स्थानही मोठे आहे. धार आणि देवास या दोन्ही ठिकाणांहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा महू येथे १९४८ पासून पायदळाची प्रशिक्षण संस्था, म्हणजे इन्फंट्री स्कूल आहे. याच संस्थेची एक शाखा मराठीभाषक सीमाभागातील बेळगाव येथे असून तेथे कमांडो अभ्यासक्रम चालतो. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये ‘घातक’ नावाची छोटी निवडक तुकडी असते. तिच्या जवानांना व तरुण अधिकाऱ्यांना या अभ्यासक्रमासाठी पाठविले जाते. ४ जुलै १९९९ रोजी टायगर हिलवर परमवीरचक्र मिळविणारे योगेंद्रसिंह यादव हे १८ ग्रेनेडियर्सच्या घातक तुकडीतीलच होते.

५. पारख कशी होते?

विशेष दलांच्या निवडीचे पहिले तत्त्व स्वेच्छा हे होय. उमेदवार स्वतः नाव देतो आणि त्याला कोणत्याही क्षणी ‘मला परत जायचे आहे’ असे म्हणता येते. ही सवलत दयेपोटी दिलेली नसते. तोच परीक्षेचा गाभा असतो. दार उघडे असतानाही जो थांबतो तो कोण, हे यातून कळते.

दुसरे तत्त्व अनिश्चितता हे आहे. पाठीवर वजन व हातात रायफल घेऊन लांब पल्ल्याची वेगवान चाल हा निवडीचा नेहमीचा भाग आहे. परंतु पुष्कळदा उमेदवाराला अंतर सांगितलेले नसते. ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर आणखी पुढे जाण्याचा हुकूम येतो. दहा किलोमीटर धावायचे आहे हे माहीत असणारा आपली शक्ती वाटून वापरतो. किती धावायचे हे माहीत नसणाऱ्याचे मनच तपासले जाते.

तिसरे तत्त्व थकव्यातील निर्णय हे आहे. झोप व अन्न कमी केल्यानंतर नकाशा वाचण्यास, संदेश पाठ सांगण्यास, जखमी सोबत्याला उचलून नेण्यास किंवा साधे गणित सोडविण्यास सांगितले जाते. ताज्या दमाने हे सर्वांनाच जमते. रात्र जागून काढल्यावरही ज्याची बुद्धी जागी राहते तो उपयोगाचा ठरतो.

चौथे तत्त्व सोबत्यांशी वर्तन. स्वतः पहिला येण्यासाठी जोडीदाराला मागे टाकणारा उमेदवार शरीराने कितीही बळकट असला तरी नापसंत ठरू शकतो. शत्रूच्या मुलखात चार-सहा जणांची तुकडी एकमेकांच्या भरवशावरच जगते. शिवकालीन जामिनाचे हे आधुनिक रूप म्हणता येईल.

पॅरा दलांत ही परीक्षा काही महिने चालते. जे टिकत नाहीत त्यांना मूळ पलटणीत परत पाठविले जाते आणि तेथे त्यांची नोकरी चालू राहते. जे टिकतात त्यांना मरून रंगाची टोपी मिळते. आग्रा येथील शाळेत पाच उड्या, त्यांतील एक रात्रीची, पूर्ण केल्यावर छत्रीधारी सैनिकाचे पंख मिळतात. विशेष दलाच्या जवानास ‘बलिदान’ हे चिन्ह धारण करण्याचा मान असतो.

अधिकाऱ्यांच्या निवडीत याआधी आणखी एक चाळणी असते. ती म्हणजे सेवा निवड मंडळ. भोपाळ येथेही अशी मंडळे आहेत. पाच दिवसांच्या या परीक्षेत मानसशास्त्रज्ञ, गटकार्य घेणारा अधिकारी व मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे एकाच उमेदवाराकडे तीन बाजूंनी पाहतात. विचार, वाणी आणि कृती यांत मेळ आहे का, हे पाहणे हा त्यामागील हेतू असतो.

६. घडण कशी होते?

निवड म्हणजे प्रशिक्षण नव्हे. निवड माणूस शोधते, प्रशिक्षण त्याला घडविते. हे दोन्ही गोंधळून टाकल्याने पुष्कळ गैरसमज होतात. निवडीनंतर सुरू होणाऱ्या शिक्षणात हत्यारे, स्फोटके, प्रथमोपचार, बिनतारी संदेश, नकाशा व होकायंत्र, डोंगर चढणे, पाण्याखालील हालचाल, जंगलात व बर्फात राहणे असे अनेक विषय येतात. प्रत्येक जवान एका विषयात पारंगत होतो आणि जोडीदाराचा विषयही कामापुरता शिकतो, म्हणजे एकजण पडला तर काम थांबत नाही.

भाषा हाही या शिक्षणाचा भाग आहे. अमेरिकी विशेष दलाच्या सैनिकाला नेमणुकीच्या प्रदेशातील भाषा शिकावीच लागते. आपल्याकडेही काश्मिरात काम करणाऱ्या जवानाला उर्दू-काश्मिरीचे चार शब्द येणे आणि न येणे यात मोठा फरक पडतो. गावकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा जवान माहितीही मिळवितो आणि विनाकारण होणारा रक्तपातही टाळतो. इंग्रजी अमदानीत हिंदी फौजेत रोमन लिपीतील उर्दू शिकविली जात असे, ती याच गरजेपोटी.

या सर्वांचा आधार सराव हा आहे. एखाद्या इमारतीवर चढाई करायची असेल तर तिची प्रतिकृती उभारून तीच हालचाल अनेकदा केली जाते. नाटकवाले ज्याला तालीम म्हणतात तीच ही तालीम. शेवटी कृती विचाराशिवाय होऊ लागते आणि मग विचार करण्यास मोकळीक मिळते. अनपेक्षित घडले की तरबेज जवान गोंधळत नाही, कारण अपेक्षित ते सर्व त्याच्या हातापायांनी आधीच पाठ केलेले असते.

७. धोके व मर्यादा

कठोर निवडीत जीवही जातात. फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात रेंजर अभ्यासक्रमातील चार उमेदवार दलदलीच्या थंड पाण्यात गारठून मेले. जुलै २०१३ मध्ये वेल्समधील ब्रेकन बीकन्स डोंगरात ब्रिटिश विशेष दलाच्या राखीव तुकडीच्या निवडीत तीन उमेदवार उन्हाच्या तडाख्याने मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी उमेदवारांत जिद्दीची कमतरता नव्हती. किंबहुना जिद्द असल्यामुळेच शरीराने दिलेल्या इशाऱ्याकडे त्यांचे दुर्लक्ष होण्याचा धोका होता. म्हणून थांबविण्याची जबाबदारी उमेदवारावर न सोडता परीक्षकावर असली पाहिजे.

ही गोष्ट आपल्यापासून दूर नाही. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला. उपाशीपोटी, रात्रभर प्रवास करून, सवय नसताना भर उन्हात धावणे म्हणजे धैर्य नव्हे.

दुसरी मर्यादा अशी की, ही निवड माणसाची पूर्ण किंमत ठरवीत नाही. ती एका विशिष्ट कामासाठी एका विशिष्ट दिवशी घेतलेली परीक्षा असते. घोटा मुरगळल्यामुळे परत गेलेला जवान उत्तम सुभेदार होऊ शकतो. पूर्वीच्या काळी शिलेदार, बारगीर, गारदी, गोलंदाज या सर्वांची गरज होती, तशीच ती आजही आहे.

८. अध्यापकांसाठी काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे आपल्या महाविद्यालयांत पुढील गोष्टी करता येतील असे वाटते.

(अ) भरतीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद ठेवावी. धावण्याचे अंतर आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवावे, उन्हाळ्यात सराव पहाटे घ्यावा, पाणी व विश्रांती यांवर लक्ष ठेवावे. चक्कर, बरळणे, घाम थांबून अंग तापणे ही लक्षणे दिसताच धावणे थांबवून सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्वरित दवाखाना गाठावा. अति श्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाल्यास तोही धोक्याचा इशारा समजावा. स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडावर ताण आल्याचे ते लक्षण असते.

(आ) नकाशावाचन, अंकगणित, प्रथमोपचार आणि दोन भाषांत स्पष्ट बोलणे-लिहिणे या गोष्टी भरतीच्या तयारीचाच भाग आहेत हे विद्यार्थ्यांना पटवावे. पुस्तक बाजूला ठेवून केवळ मैदान गाठणारा विद्यार्थी अर्धीच तयारी करतो.

(इ) नापास होऊन परत आलेल्या विद्यार्थ्याला वर्गात पहिल्याइतक्याच मानाने बसवावे. लष्कर ज्याला मूळ पलटणीत परत घेते, त्याला आपण मूळ वर्गात परत घेऊ नये काय?

(ई) २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेनुसार जवानांची भरती चार वर्षांसाठी होते व त्यांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत जवानांनाच पुढे कायम करण्याची तरतूद आहे. म्हणजे बाकीचे तरुण पंचविशीच्या आत-बाहेर असतानाच पुन्हा नागरी जीवनात येणार. शिस्त, सराव व जबाबदारी त्यांना आलेली असेल. पदवी व व्यवसायाचे शिक्षण हवे असेल. हे काम कम्युनिटी कॉलेजचेच आहे आणि त्याची तयारी आतापासून केली पाहिजे.

(उ) ‘गारदी’ सारख्या शब्दांचा इतिहास वर्गात सांगावा. इब्राहिमखान व यशवंतराव पवार एकाच बाजूने लढले, ही वस्तुस्थिती धार-देवासच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो कोणत्याही घरातून आलेला असो, माहीत असली पाहिजे.

समारोप

आमझेऱ्याच्या स्वाराजवळ वेग व वाटेची माहिती होती. पानिपतच्या गारद्याजवळ शिस्त होती. सरदारपूरच्या भिल्ल शिपायाजवळ डोंगराची ओळख होती. आजचे विशेष दल या तिन्ही गोष्टी एकाच माणसात आणण्याचा प्रयत्न करते आणि त्यात चौथी गोष्ट, म्हणजे कायद्याच्या चौकटीतील निष्ठा, जोडते. शनिवारवाड्यातील रात्र सांगते की ही चौथी गोष्ट नसेल तर पहिल्या तिन्ही धोकादायक ठरतात. शरीर घडविणारे लष्करी शिक्षक महूत आणि बेळगावात आहेत. परंतु त्यांच्याकडे जाणारा तरुण त्याआधी काही वर्षे आपल्या वर्गात बसलेला असतो. सोबत्याला मागे न टाकणे, आज्ञा आणि अन्याय यांतील फरक ओळखणे आणि अपयशानंतर पुन्हा उभे राहणे, या गोष्टींची तालीम तेथेच सुरू होते.